तहानेची फळं

नवरात्रात विश्रामबागला जायचं तर साताऱ्याहून मिरजेकडे जाणारी पॅसेंजर धरावी. महामार्गाने मोटार लवकर पोचवते, पण कृष्णाकाठचा आश्विन तिथून दिसत नाही. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड करत गाडी ताकारीच्या पुढे सरकली की दोन्ही अंगांना ऊस उभा राहतो. मधूनच सोयाबीन काढून मोकळं झालेलं काळं रान दिसतं, त्यात हरभऱ्यासाठी मशागत चाललेली असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ओसाड माळावर वसवायला घेतलेली किर्लोस्करवाडी मागे पडते, मग आमणापूर, भिलवडी, नांद्रे. सांगलीला डबा जवळजवळ रिकामा होतो. पुढे मिरज येण्याआधी गाडी आणखी एकदा थांबते, ते विश्रामबाग.

बोलावणं आत्याचं होतं. तिची मुलगी मिशिगनमध्ये राहते आणि दर ऑक्टोबरात तिथल्या शेतकरी बाजाराचे फोटो पाठवते. लाल-पिवळ्या सफरचंदांनी भरलेल्या टोपल्या, डोळ्यांदेखत रस काढून देणारी यंत्रं, दालचिनीचा वास नुसत्या फोटोतूनही यावा असे गरम डोनट, गवताच्या गठ्ठ्यांवर चढून बसलेली पोरं. त्या मुलखात शरद म्हणजे सफरचंद. गावोगाव त्याचा उत्सव होतो, लोक कुटुंबकबिल्यासह बागांत जाऊन स्वतःच्या हातांनी फळं तोडतात. आत्या चष्मा लावून ते फोटो पुन्हा पुन्हा बघते. या वर्षी फोनवर मला म्हणाली, "तिकडं सफरचंदाची जत्रा असते म्हणे. आपल्याकडं काय कमी आहे? नवरात्रात ये, दाखवते."

विश्रामबाग आता सांगली आणि मिरज यांच्या मधोमध भरगच्च वाढलं आहे. दोन गावं जिथे एकमेकांना भेटली ती ही जागा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली इथे विलिंग्डन कॉलेज काढलं, १९४७ साली इंजिनिअरिंग कॉलेज आलं, तेच आजचं वालचंद. आत्या विलिंग्डनची विद्यार्थिनी. कॉलेजच्या फाटकासमोरून जाताना ती नेहमी सांगते की गो. चिं. भाटे या कॉलेजचे प्राचार्य होते. मराठीत प्रवासवर्णन लिहिणाऱ्या प्रत्येकाने या फाटकाला नमस्कार करावा असं मला मनापासून वाटतं. आपला देश पायांनी आणि डोळ्यांनी वाचायचा असतो हे भाट्यांनी फार लवकर ओळखलं आणि आयुष्यभर प्रवास करून लिहून ठेवलं.

संध्याकाळी आम्ही शंभर फुटी रस्त्याला लागलो. आत्या याला जत्रा का म्हणते ते तिथे कळलं. मांडव नाही, फलक नाही, उद्घाटन नाही. रस्त्याच्या कडेने हातगाड्या, पथाऱ्या, पिकअप आणि छोटे हत्ती उभे, आणि त्यांच्यावर अख्खा शरद उतरलेला. दसऱ्यासाठी झेंडूचे ढीग. उपवासाची रताळी, अजून माती न झटकलेली. पांढऱ्या गराचे पेरू. पोत्यांवर रचलेली सीताफळं, डोळे मोठे झालेली आणि डोळ्यांमधल्या भेगा पिवळसर पडलेली, म्हणजे दोन दिवसांत खायला येणारी. सीताफळ विकणारी बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारत होती, "आज खायाचं का परवा?" आणि उत्तर ऐकून निवडून देत होती. फळ विकण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही.

द्राक्षं मात्र कुठेच नव्हती. ज्या जिल्ह्यात तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ असा सगळा द्राक्षाचा पट्टा आहे, तिथे आश्विनात द्राक्ष नसतं. त्याच्या जागी बेदाणा होता, हिरवा, पिवळा आणि काळा, खुल्या पाट्यांत. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पंधरा-वीस दिवस वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मग तो शीतगृहात जातो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यांतून वर्षभर थोडा थोडा बाहेर पडतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आत्याने दिवाळीच्या शिऱ्यासाठी पिवळा घेतला. मी काळा घेतला, त्याची किंचित आंबट चव मला आवडते म्हणून.

आणि सफरचंदं होती. भरपूर होती. हिमाचल आणि काश्मीरच्या पेट्या उघडून, एकेक फळ कापडाने पुसून हातगाड्यांवर त्यांचे मनोरे रचले होते. नवरात्राच्या उपवासाला सांगलीकर सफरचंद आवडीने घेतात, कारण काश्मीरचा माल नेमका याच दिवसांत उतरतो आणि भाव जरा हाताशी येतात. त्या गाड्यांवरची बहुतेक फळं डेलिशियस जातीची. ही जात मूळची अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली. सॅम्युअल स्टोक्स नावाचा अमेरिकन गृहस्थ सिमल्याच्या वर कोटगढला येऊन राहिला, तिथलाच झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला आणि पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखला गेला. त्याने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या जातीची रोपं अमेरिकेतून मागवून कोटगढच्या उतारांवर लावली आणि त्यातून हिमाचलच्या डोंगरांचं अर्थकारणच बदललं. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती त्या मनोऱ्यासमोर थांबली. "म्हणजे तिच्याकडचंच फळ माझ्याकडं पण आलंय," ती म्हणाली, आणि दोन किलो घेतली.

मला डाळिंबांनी थांबवलं. एका पिकअपच्या मागच्या फळीवर कॅरेट मांडून एक तरुण आणि त्याची आई उभी होती. गाडीला पुठ्ठा लटकवलेला: 'आटपाडीची डाळिंबं, शेतकऱ्याकडून थेट'. मावशींनी एक फळ उचललं, वरचा मुकुट सुरीने टोपीसारखा कापून काढला, आतल्या पडद्यांच्या अंदाजाने सालीवर उभ्या चिरा दिल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. फळ पाकळ्यापाकळ्यांनी उकललं, एक दाणा फुटला नाही. मी आजवर डाळिंब मधोमध कापत आले होते, ओटा लाल करत.

"भगवा हाय," तरुण म्हणाला. "खाऊन बगा ताई, मग बोला."

दाणे गर्द, बी मऊ, रस गोड पण मिळमिळीत नाही. मी विचारलं, शेजारी सफरचंदाला इतकी गिऱ्हाइकं आहेत, आपण पण दोन पेट्या का ठेवत नाही?

"ते थंडीचं फळ," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडं थंडी कुठली? आमचं फळ ताणाचं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात थंडी लागते, आणि ती नुसती गारवा म्हणून नव्हे. सात अंश सेल्सिअसच्या खाली शेकडो तास काढल्याशिवाय त्याच्या कळ्यांची झोप मोडत नाही. डेलिशियस जातींना असे हजाराच्या आसपास तास हवेत. अलीकडे हिमाचलच्याच बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधली आणि ती देशाच्या उष्ण भागांतही लागली, पण तिची फळं येतात ती उन्हाळ्यात. शरदातलं सफरचंद हे बर्फाच्या पायथ्याचंच.

आपल्या माणदेशात बर्फ नाही. पण झाडाला झोपवायचं आणि जागं करायचं काम तिथेही करावंच लागतं. डाळिंब सोडून दिलं तर वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं आणि धड कोणतंच पीक हाती येत नाही. म्हणून शेतकरी पाणी तोडतो. महिना-दीड महिना झाडाला थेंब मिळत नाही, हाच तो ताण. पानं पिवळी पडतात. मग औषध फवारून उरलेली पानं झाडून टाकतात, छाटणी करतात, खत घालतात आणि बेताबेताने पाणी सोडतात. तहानेने व्याकूळ झालेलं झाड एकदम कळ्यांनी भरून येतं. याला बहर धरणं म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीचा आंबिया, जून-जुलैचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. कोणता बहर धरायचा हे विहिरीत किती पाणी आहे, पाऊस किती लांबेल, रोग कोणत्या महिन्यात उसळतो आणि सणाला भाव काय असेल, अशा चार गोष्टींवर ठरतं. कळीपासून फळापर्यंत भगव्याला सहा महिने लागतात. जे काम काश्मिरात हिवाळा फुकट करून देतो, ते आटपाडीत माणूस स्वतःच्या छातीवर दगड ठेवून करतो.

मावशींना मी हे बोलून दाखवलं नाही, पण त्यांना माझा चेहरा दिसला असणार. "उद्या उरलेली काढणी हाय," त्या म्हणाल्या. "सौद्याला बी जायाचंय. या की, बाग बगायला."

आत्या म्हणाली, "जा तू. मला एवढी एसटी सोसायची नाही. पण नीट बघून ये आणि मला सांग."

सकाळच्या एसटीने निघाले. तासगाव सांगलीपासून पंचविसेक किलोमीटर. गावात शिरायच्या आधीपासून दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि ऑक्टोबर म्हणजे त्यांच्या फळछाटणीचा महिना. द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची ती खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. आणि ही आश्विनातली, घड यावेत म्हणून. आदल्या आठवड्यापर्यंत गर्द असलेले मांडव आता उघडेबोडके होते. बायका हातमोजे घालून, बोळ्याने काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत पुढे सरकत होत्या. हे हायड्रोजन सायनामाइड, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. म्हणजे द्राक्षालाही हिवाळ्याची उणीव आहेच, ती कात्रीने आणि औषधाने भरून काढावी लागते. दोन दिवसांवर छाटलेली, चार दिवसांवर छाटलेली, दहा दिवसांवर फुटलेली अशा बागा एकाच खिडकीतून ओळीने दिसत होत्या. छाटणीच्या तारखा मागेपुढे ठेवल्याने पाऊस-गारपिटीचा धोका वाटला जातो आणि मजूरही पुरतात. खिडकीशेजारच्या आजोबांना यातलं सगळं ठाऊक होतं. कुणाची बाग कुठल्या तारखेची हे ते गाडीतूनच बोट दाखवून सांगत होते. तासगावचं सात मजली गोपुर असलेलं गणपती मंदिरही त्यांनीच दाखवलं, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या काळातलं.

विटा आलं तेव्हा माती बदलली होती. काळी संपून तांबूस, मुरमाड. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत गेली आहेत, सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सराफी पेठ असलेल्या कोणत्याही शहरात जा, जुने दागिने वितळवून धातू शुद्ध करून देणारा माणूस खानापूर-आटपाडी तालुक्यांतला निघण्याची शक्यता मोठी. इथे पाणी नव्हतं म्हणून ते गेले. मुंबईच्या गिरण्यांतही याच भागातली माणसं होती. १९८२ च्या संपात परत आली, आणि दुष्काळाचं उत्तर शोधायला बसली. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळेच्या काठच्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतली थोडी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला आणि बळीराजा धरण बांधलं. पुढे नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, त्यात भारत पाटणकर होते, गणपतराव देशमुख होते. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळालं पाहिजे आणि ते सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, ही मागणी या माळावरून वर्षानुवर्षं केली गेली. १९९६ साली मंजूर झालेली टेंभू उपसा सिंचन योजना आज कऱ्हाडजवळ कृष्णेचं पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने चढवत माणदेशापर्यंत आणते. ज्या नदीचा उगम महाबळेश्वरच्या धुवांधार पावसात आहे तिचं पाणी, वर्षाला पाचशे मिलिमीटरही न पडणाऱ्या मुलखात. फळांवर लिहिताना मी पाण्याकडे वळले असं कुणाला वाटेल, पण आटपाडीचं डाळिंब या दोन गोष्टी सुट्या करून सांगताच येत नाही.

भिवघाटावरून गाडी आटपाडीकडे वळली, खरसुंडी लागली. इथल्या सिद्धनाथाच्या यात्रेतला खिलार जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. आश्विनात रस्ता रिकामा होता, मेंढरांचा एक कळप सोडला तर. हा माडगूळकर बंधूंचा मुलूख, शंकरराव खरातांचा मुलूख. इतक्या कमी पावसाच्या जमिनीत इतकं साहित्य कसं उगवलं याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं आणि अभिमानही वाटतो.

बाग रस्त्यापासून आत होती. झाडं माणसाच्या उंचीहून थोडी मोठी, फांद्या फळांच्या भाराने जमिनीकडे झुकलेल्या, काही फांद्यांना तारेचा आधार. फळांवर कागदी पिशव्या नाहीत पण वर पांढरी जाळी अंथरलेली, उन्हाने साल करपू नये म्हणून. बायका कात्रीने देठ आखूड कापत होत्या. लांब देठ राहिला तर कॅरेटमध्ये तो शेजारच्या फळाला टोचतो. मावशी मला ओळीओळीतून फिरवत होत्या. मध्येच त्यांनी एक फळ हातात धरून वळवलं. सालीवर तेलाचा थेंब पडावा तसा काळपट डाग, आणि डागातून चीर.

"हा तेल्या. ह्यानं आमच्या शेजाऱ्याची सगळी बाग न्हेली."

तेल्या हा जिवाणूजन्य रोग. दमट हवेत आणि पावसात तो पसरतो. फवाऱ्याच्या पाण्यातून, कात्रीच्या पात्यातून, वाऱ्याने उडणाऱ्या थेंबांतून झाडाझाडाला जातो. एकदा फळाला डाग पडला की ते सौद्यात शेवटच्या ढिगात जातं. शिवाय मर रोग आहे, खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा आहे. माणदेशात डाळिंब एके काळी जे फोफावलं ते इथल्या कोरड्या हवेवर. आता आश्विनापर्यंत लांबणारे अवकाळी पाऊस ती कोरडी हवाच हिरावून नेत आहेत. सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघालं, तिथले शास्त्रज्ञ पावसाळ्यातला बहर टाळून हस्त धरायला सांगतात. मावशींचा मुलगा हे सगळं जाणून होता. त्याच्या मोबाइलमध्ये फवारणीचं वेळापत्रक होतं, दर फवारणीपुढे खूण केलेली. कात्रीसुद्धा प्रत्येक झाडानंतर औषधाच्या डब्यात बुडवून मगच पुढच्या झाडाला लावत होते.

शेततळं बागेच्या वरच्या अंगाला होतं, काळं प्लास्टिक अंथरलेलं, अर्धं भरलेलं. मावशी तिथे टेकल्या आणि टेंभूचं पाणी यायच्या आधीची वर्षं सांगू लागल्या. टँकर विकत घेऊन झाडं जगवली. भांड्यांनी आळ्यात पाणी ओतलं. घरातलं माणूस गलाईला हैदराबादला होतं, त्याचे पैसे टँकरला गेले. "ताण देताना लई वाईट वाटायचं," त्या म्हणाल्या. "आपुन बी तहानेलं, आन झाडाला बी तहानेलं ठिवायचं."

फळं पिकअपमध्ये भरून आम्ही आटपाडीच्या बाजारात गेलो. सौदे सुरू होते. ताडपत्रीवर प्रतीनुसार ढीग लावलेले, पहिल्या ढिगातलं एकेक फळ दोन्ही हातांत मावेल एवढं, शेवटच्या ढिगात डागाळलेली आणि चिरलेली. अडत्या ढिगापुढे उभा राहून एक फळ फोडतो, दाणे तळहातावर घेऊन चहूकडे दाखवतो आणि बोली सुरू होते. व्यापारी बाहेरच्या राज्यांतून आलेले, हिंदी आणि मराठी एकत्रच चाललेली. एका ढिगाचा निकाल मिनिटाच्या आत लागतो. सहा महिन्यांची राखण, आणि एक मिनिट. मावशींच्या चांगल्या ढिगाला मनासारखा भाव मिळाला, मधल्याला बरा, शेवटचा पडून राहिला. तो त्यांनी उचलून परत गाडीत ठेवला. "ह्यो सांगलीला," मुलगा म्हणाला. "डाग सालीला असतोय, दाण्याला न्हाय. तिथं फोडून दावलं की माणसं घेत्यात."

विश्रामबागच्या रस्त्यावरची ती गाडी मला तेव्हा पुरती समजली. २०१६ साली राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकऱ्याला असं कुठेही उभं राहून विकता येतं. पण कायदा झाला म्हणजे गिऱ्हाईक मिळतं असं नाही. शहरातल्या बाईसमोर फळ फोडून दाखवायला, तिला दाणा खायला द्यायला, डागाचं कारण सांगायला माणूस लागतो. आटपाडीच्या जवळच स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाने स्वातंत्र्यापूर्वी कैद्यांसाठी वसवलेली मुक्त वसाहत. ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्या चित्रपटात कैदी स्वतः पिकवलेली भाजी बाजारात नेऊन रास्त भावात विकतात आणि तिथले व्यापारी चिडून उठतात. पिकवणाऱ्याने खाणाऱ्याला थेट भेटणं ही या मातीत जुनी आस आहे.

मला वाटतं, विश्रामबागला शरदात एक खरा, मांडव घातलेला फळांचा उत्सव भरायला हवा. सफरचंदाचा मान त्याचा त्याला राहू दे. पण मिशिगनमधली मुलं जशी बागेत जाऊन फळ तोडतात आणि झाडाची गोष्ट ऐकतात, तशी सांगली-मिरजेची मुलं वर्षातून एकदा तरी आटपाडीच्या बागेत जायला हवीत. वालचंदच्या मुलांनी एकदा टेंभूचे पंप बघावेत आणि त्याच दिवशी त्या पाण्यावर वाढलेलं डाळिंब खावं. सीताफळवाल्या बाईने मुलांना डोळे बघून फळ निवडायला शिकवावं. तासगावकरांनी बेदाण्याची रॅक आणून उभी करावी. जिल्ह्यात एवढं ज्ञान आहे, आणि ते सगळं पिकअपच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या घाईत, दोन वाक्यांत संपतं, याचं मला वाईट वाटतं.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मावशींच्या घरी जेवायला थांबले. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा. जेवताना बापलेकांचं जुनं भांडण पुन्हा निघालं. टेंभूचं पाणी आता येतं. मुलाचं म्हणणं, निम्मी बाग काढून ऊस लावावा, एकदा लावला की फार बघावं लागत नाही, कारखान्याची गाडी येते आणि नेते. वडिलांचं म्हणणं, पाणी आज आलंय, उद्या आवर्तन चुकलं तर ऊस उभा वाळेल, डाळिंबाला मात्र ताणाची सवय आहे. मावशी मध्ये पडल्या नाहीत, ताटात ठेचा वाढत राहिल्या. मग वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमी शिकलेल्या हाय. तुमीच सांगा."

मी मनातलं सांगितलं. ज्या पाण्यासाठी या माळाने वीस-पंचवीस वर्षं परिषदा घेतल्या, ते पाणी सगळ्यांना थोडं थोडं मिळावं म्हणून मागितलं होतं. एक एकर उसाला जे लागतं त्यात ठिबकवर कितीतरी डाळिंब जगेल. आणि सांगलीला संध्याकाळी मी जे पाहिलं, ती गिऱ्हाइकं तुमच्या फळाला तुमच्या नावाने ओळखतात. उसाच्या मोळीवर कुणाचंच नाव नसतं. डाळिंब ठेवा.

वडिलांनी मान डोलावली. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग अगदी शांतपणे म्हणाला, "बरोबर हाय तुमचं, ताई. पर उसाला तेल्या येत न्हाय."